सिग्ने मॅडम आणि शेजारचं दार

सिग्ने मॅडम गेल्या, हे त्यांच्या मुलाच्या, एरिकच्या मेसेजवरून कळलं. मी इथे आखातात, अल नहदातल्या घरून हमरियाला ऑफिसला निघाले होते, सिग्नलला थांबले होते. ‘आई काल दुपारी घराबाहेरच्या बाकावर बसल्या बसल्याच गेली,’ एवढंच त्याने लिहिलं होतं. कुणी गेलं की आम्ही म्हणतो ते ‘इन्ना लिल्लाह’ माझ्या तोंडून आपसूक निघालं. मग वाटलं, त्या नॉर्वेच्या, चर्चमधल्या… पण म्हटलं ते म्हटलं. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली आणि मी स्टिअरिंग धरून रडत बसले. त्या बाकावर त्या रोज का बसायच्या, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी ऑफिसात माझ्या हातून एकही काम धड झालं नाही.

जहाजांच्या लाइफबोटी बनवणाऱ्या आमच्या कंपनीत त्या सल्लागार म्हणून येणार, असं कळलं तेव्हा ॲडमिन बघणारी मी भलतीच घाबरले होते. माजी उपमंत्री! माझे अब्बा श्रीवर्धनकडच्या एका गावचे सरपंच होते, तर आमच्या ओट्यावरून माणूस हलायचं नाही. मग मंत्र्याचा थाट केवढा असेल? आणि या बाई आल्या टॅक्सीने, एकट्या, पायात धुळीचे बूट. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी सगळ्यांना बोलायला लावलं आणि स्वतः शेवटी बोलल्या. आमचे मॅनेजर चुळबुळत होते, “यल्ला, खलास करू या आता!” मॅडमवर काही परिणाम नाही. मला म्हणाल्या, “नुसतं सिग्ने म्हण.” मी म्हटलं, “माझ्या आईच्या वयाच्या तुम्ही. नावाने हाक मारली तर जीभ झडेल माझी.” खूप हसल्या. शेवटपर्यंत त्या मॅडमच राहिल्या.

त्याही अल नहदात राहायच्या, म्हणून माझ्याच गाडीतून येऊ लागल्या. ट्रॅफिकमध्ये अडकलो की त्यांचं राजकारण निघायचं. उत्तरेकडच्या एका बेटावर त्या शाळेत शिकवत. मुलांना बर्फातून चालत यावं लागतं म्हणून भांडायला गेल्या, आणि लोकांनी त्यांना नगरपालिकेत निवडून दिलं. पुढे नगराध्यक्ष झाल्या. गावच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद होणार अशी बातमी आली, तेव्हा अख्खं गाव मशाली घेऊन रस्त्यावर उतरलं आणि सगळ्यांत पुढे सिग्ने मॅडम. वॉर्ड वाचला. त्या जोरावर त्या संसदेत गेल्या, मग राजधानीत आरोग्य खात्याच्या उपमंत्री झाल्या. “तिकडे भरपूर मान असेल ना?” मी विचारलं. “पुढचं नंतर सांगते,” म्हणाल्या.

ते ‘नंतर’ आलं उम्म अल कुवैनला. सुट्टीच्या दिवशी आम्ही तिथल्या खाडीकाठी जायचो. होड्या, वास, ओहोटीचा चिखल, सगळं मला गावासारखं आणि त्यांना त्यांच्या गावासारखं. तिथे त्यांनी सांगितलं. सरकारने हॉस्पिटलांचा नवा आराखडा केला, त्यात तोच वॉर्ड बंद झाला, आणि ते जाहीर करायला पक्षाने उभं केलं कुणाला, तर सिग्ने मॅडमना. “मी वाचून दाखवलं. कारणंही दिली. चांगली होती कारणं,” त्या म्हणाल्या. त्याच हिवाळ्यात त्यांच्या शेजारणीची, बेरितची मुलगी बाळंतपणात अडली. वादळात बेटावरून हॉस्पिटलकडे जाणारी फेरीबोट सुटली नाही. मुलगी वाचली, बाळ गेलं.

“मग तुम्ही गेलात ना बेरितकडे?”

“कुठल्या तोंडाने जाणार? खात्याकडून शोकसंदेश पाठवला.”

मला राहवलं नाही. “काय मॅडम! भिंतीला भिंत असलेल्या घरी कुणी खात्याकडून संदेश पाठवतं?” फटकन बोलून गेले. त्या रागावल्या नाहीत. पुढच्या निवडणुकीत पक्षाने तिकीट दिलं नाही, गावात कुणी नमस्कार करेना, म्हणून त्या इकडे निघून आल्या होत्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या सासूबाई वारल्या. आमचा छोटा फ्लॅट बायकांनी भरून गेला. कुणी कुराणाचे सिपारे वाचत होत्या, कुणी नुसत्या बसल्या होत्या. सिग्ने मॅडम आल्या, डोक्यावर ओढणी, दुखऱ्या गुडघ्यांनिशी खाली चटईवर बसल्या आणि दुपारभर हलल्या नाहीत. माझी मुलगी आत येऊन कुजबुजली, “मम्मा, शी इज स्टिल सिटिंग देअर!” जाताना त्यांनी मला विचारलं, “मी काय बोलायला हवं होतं?” मी म्हटलं, “काही नाही. मयताच्या घरी जायचं आणि बसायचं. बोलावणं लागत नाही की शब्द लागत नाहीत.” त्यांनी माझा हात घट्ट धरला. “इतक्या वर्षांनी गेलं तर?” मी म्हटलं, “उशिरा का होईना, जा.”

त्या गेल्या. नोकरी सोडून, सामान आवरून कायमच्या बेटावर परत गेल्या. बेरितने दार उघडलं नाही. मग मॅडम तिच्या दाराकडे तोंड करून स्वतःच्या घराबाहेरच्या बाकावर बसू लागल्या, रोज दुपारी, थंडीतसुद्धा. मी फोनवर ओरडायचे, “आजारी पडाल, बास करा आता!” त्या म्हणायच्या, “तिला आतून दिसते मी. तेवढं पुरे.” कसलं पुरे? मला त्या बेरितचा भयंकर संताप यायचा. दार उघडलं असतं तर काय बिघडलं असतं तिचं? मग तिचं ते नातवंड आठवायचं आणि माझं तोंड बंद व्हायचं. आजही मला सांगता येत नाही, मी त्यांना जायला सांगितलं ते बरं केलं की वाईट.

दफन झालं त्या संध्याकाळी एरिकचा फोन आला. आवाज अगदी खाली. बेरित चर्चमध्ये आली नव्हती, म्हणाला. पण तो घरी परतला तर ती आईच्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती, अंगात कोट तसाच. एक शब्द बोलत नव्हती, उठतही नव्हती.

“नाझनीन, मला काही समजत नाहीये. मी काय करू?”



“काही करू नकोस, बाळा,” मी म्हटलं. “तिला पाणी दे. आणि तूही बस तिच्याजवळ.”