उकळी आली की सोडा

आधी तो चहा संपवा. संपवा म्हणतो ना! मागच्या वेळी मी हे सांगायला घेतलं आणि शेजारच्या काकांच्या नाकातून चहा आला. तेव्हापासून ठरवलंय, माझी फजिती ऐकायची तर रिकाम्या कपावर.

मी तसा खाण्यातला माणूस. रिटायर झालो तेव्हा वाटलं, उभा जन्म नुसतं खाल्लं, आता करूनही बघू. दीड वर्षात बरीच मजल मारलीय बरं का! भाकरी फुगते. म्हणजे, कधीमधी फुगते. पिठलं तर असं घोटतो की सुनंदा, आमची मिसेस, माझी नजर चुकवून दोनदा वाढून घेते. तोंडानं म्हणते, "बरं झालंय." नर्स आहे ना, पेशंटला खरं सांगायची सवय नाही.

तर झालं काय, आमच्या सूनबाईला, श्रद्धाला, डेंगू झाला. ती आणि अमोल पुण्याला असतात. ताप उतरला, रिपोर्ट चांगले आले, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. तीन आठवडे पोरगी दोन घास खाऊन ताट सरकवायची. अमोल म्हणाला, "पप्पा, आठ दिवस बीडला घेऊन येतो तिला. रविवारी दुपारपर्यंत पोचतो."

मी शनिवारी तिला फोन लावला. "काय खाणार बाळा? सांग फक्त. पप्पा करतो."

"काहीच नको हो पप्पा. सगळं कागद चावल्यासारखं लागतंय." मग जरा थांबून म्हणाली, "आईच्या हातचे कढीगोळे तेवढे खाल्ले असते."

"बस्स! उद्या दुपारी तुझ्या ताटात कढीगोळे!"

बोलून बसलो. कढीगोळे म्हणजे हरभऱ्याच्या वाटल्या डाळीचे गोळे आणि आंबट कढी, एवढंच मला ठाऊक. जन्मात एकदाच खाल्लते. सुनंदाला विचारलं, तर ती म्हणाली, "आमच्या माहेरी न्हाई करत. डाळ तेवढी भिजू घालते रात्री. आणि माझ्या भरवशावर राहू नका, उद्या पोलिओचा रविवार आहे. मी सकाळी सातलाच जाणार, ते संध्याकाळी येणार."

"मग विचारू कुणाला?"

"कुणाला काय? तिच्या आईला विचारा!"

इथंच तर घोडं अडलं होतं ना!

आता हे कसं सांगू तुम्हाला… लग्न ठरवायला आम्ही केजकडं त्यांच्या गावी गेलतो. विहीणबाईंनी कढीगोळेच केलते. असे झालते, काय सांगू! मी मागून मागून खाल्ले. आणि हात धुताना, चार माणसं हसावीत म्हणून म्हणालो, "गोळे लई मजबूत हायेत बरं का! घराच्या पायात घालायला हरकत न्हाई!"

माणसं हसली. दाराआड एक माणूस हसलं नाही.

त्यानंतर आठ महिने विहीणबाई माझ्याशी एकेका शब्दात बोलत होत्या. लग्नात "या". पंगतीत "घ्या". निघताना "बरं". सुनंदानं दिवाळीला या म्हणून सांगितलं, तर आल्या नाहीत. लेकीच्या सासरी त्यांनी अजून पाऊल टाकलं नव्हतं, आणि कारण होतं माझी जीभ. माफी मागावी असं रोज वाटायचं. पण चाळीस वर्षांच्या मास्तरकीत मी कुणाची माफी मागितलेली नाही, सवयच नाही हो!

रविवारी सकाळी नऊला मनाचा हिय्या केला. वही-पेन घेतलं आणि फोन लावला.

"हॅलो… मी बोलतोय. बीडहून. श्रद्धाचे सासरे."

मग आवाज आला, "बोला."

माफी ओठापर्यंत आली होती, पण बाहेर पडली ती डाळ. "ते जरा कढीगोळ्यांचं विचारायचं होतं. श्रद्धाला खायचेत. मी करतोय."

"तुमी?"

"हो."

मग त्या सांगायला लागल्या, बाजारची यादी सांगावी तशा. "डाळ जाडसर वाटा. पाणी न्हाई घालायचं. मिरची, लसूण, जिरं, हळद, मीठ. गोळे वळून ताटात ठिवा."

मी लिहिलं, 'गोळे वळून ताटात ठेवा.'

"ताकाला बेसन लावा. हळद-मीठ घाला. वरून फोडणी. सारखं हालवत ऱ्हावा, न्हाई तर फाटतंय."

"बरं."

"उकळी आली की सोडा."

"सोडा?"

"हां. सोडा."

मी लिहिलं, 'उकळी. मग सोडा.' मनात म्हटलं, अरे वा, हे गुपित आहे होय! आता कसं आहे, त्या दुसऱ्या कुणाशी बोलत असत्या तर 'सोड' म्हणाल्या असत्या, 'सोडायचे' म्हणाल्या असत्या. पण मी पडलो व्याही! आदरानं बोलल्या ना बाई माझ्याशी! त्या आदरानंच माझा घात केला.

"कितीक?" मी विचारलं.

"माणसं किती हायेत?"

"तीन-चार."

"मग माणशी चार तरी धरा."

माझ्या हातातलं पेन थांबलं. "माणशी चार? जास्त न्हाई का होणार?"

"जास्त कावून? माझ्या लेकीला तेवढं लागतंयच." आवाज जरा चढला. "आन् एकदम न्हाई. आधी एक सोडा. वर आलं, की मग बाकीचे सोडा."

"बरं बरं," म्हणालो आणि फोन ठेवला.

आता माझ्यापुढं प्रश्न, चिमटी की चमचे? परत फोन करून विचारायला काय झालं होतं? पण नाही! म्हटलं, मास्तर आहोत, डोकं चालवू. चिमटी असती तर बाई 'बाकीच्या' म्हणाल्या असत्या. त्या म्हणाल्या 'बाकीचे'. पुल्लिंगी! म्हणजे चमचे! बघा, व्याकरण पक्कं असलं की माणूस कसा थेट खड्ड्यात जाऊन पडतो.

माणशी चार, चौघांचे सोळा. घरात सोडा होता अर्धा चमचा. निघालो दुकानात.

"दोन पुडे खाण्याचा सोडा द्या."

दुकानदार आमचा जुना विद्यार्थी. "सर, भज्यांचा गाडा टाकता का काय?"

"कढी करायचीय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, पुड्यांकडं बघितलं आणि काही न बोलता पुडे दिले. शाळेत मी त्याला फार बडवायचो. मला वाटतं, त्यानं तो हिशोब त्या क्षणी चुकता केला.

घरी येऊन कामाला लागलो. डाळ वाटली, गोळे वळले. एकसारखे, गुळगुळीत, लिंबाएवढे. ताटात मांडले. ते शिजायचे कधी, हा प्रश्न पडला नाही का? पडला. पण वहीत 'ताटात ठेवा' लिहिलेलं. म्हटलं, वरून गरम कढी ओतत असतील. ताक चांगलं आंबट होतं. मोठ्या पातेल्यात बेसन लावून चढवलं, लसणाची फोडणी दिली. वास असा सुटला की मीच घुटके गिळायला लागलो. पिवळीधमक कढी! उकळी आली.

एक चमचा सोडा टाकला.

फस्स करून कढी वर आली. पातेल्याच्या काठापर्यंत आली आणि थांबली.

काय आनंद झाला मला! 'वर आलं, की मग बाकीचे सोडा.' अगदी बाईंनी सांगितलं तस्सं! म्हणजे आपण बरोबर रस्त्यावर आहोत!

मग मी बाकीचे सोडले.

पहिले तीन भराभर गेले, चौथा माझ्या डोळ्यांना दिसला नाही. कढी अशी उठली, अशी उठली की पातेलं सोडून चालायलाच लागली! गॅस विझला. फेस ओट्यावर, ओट्यावरून ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरमधून माझ्या पायांवर. मी झाकण दाबलं, ती झाकणासकट वर! मी मागं सरकलो, ती पुढं! हातातला पुडा घसरून आतच पडला. आणि त्यानंतर ती लाल व्हायला लागली. हो, लाल! पिवळी कढी बघता बघता विटकरी, मग कुंकवासारखी.

आणि त्या फेसात घोट्यापर्यंत उभं राहून मला आठवलं. आम्लात सोडा टाकला की वायू सुटतो. हळदीत सोडा पडला की ती लाल होते. हे मला कसं माहीत? अहो, चाळीस वर्षं मी विज्ञान शिकवत होतो! हाच प्रयोग दरवर्षी आठवीच्या पोरांना करून दाखवत होतो! पोरं टाळ्या वाजवायची!

तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दार उघडलं. अमोल उभा. मागं श्रद्धा, अर्धी झालेली, गालफडं बसलेली. आणि तिच्या मागं, हातात पिशवी घेऊन, डोक्यावर पदर घेतलेल्या विहीणबाई!

"ह्या कोपऱ्यावर भेटल्या," अमोल म्हणाला. "रिक्षातून उतरत होत्या."

विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलंच नाही. जमिनीकडं बघत म्हणाल्या, "तुमचा फोन आला. म्हनलं, आता तरी गेलं पायजे. लेक आजारी हाय."

मी 'या, बसा' म्हणणार, तर अमोल ओरडला, "पप्पा! रक्त!"

लाल फेस माझ्या पावलांच्या ठशांनी बैठकीपर्यंत आला होता.

सगळे स्वयंपाकघरात धावले. ताटात सोळा गोळे कोरडे, जसेच्या तसे बसलेले. विहीणबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या.

"गोळे सोडले न्हाईत?"

"तुम्ही सोडा म्हणालात…"

"मग? सोडा म्हनल्यावर सोडायचं की!"

"सोडला की! पाच चमचे सोडला, राहिलेला पुडाच आत पडला!"

"पुडा? कशाचा पुडा?"

"सोड्याचा!"

आणि मग मागून एक विचित्र आवाज आला. श्रद्धा! भिंतीला टेकून खाली बसली आणि हसायला लागली. "आई… आई, तू म्हणालीस 'सोडा'… आणि पप्पांनी…" पुढं बोलताच येईना. पोट धरून, डोळे पुसत हसत होती. अमोल मला हळूच म्हणाला, "पप्पा, महिन्यानं हसली ती."

विहीणबाईंना कळायला थोडा वेळ लागला. कळलं, तसा त्यांनी पदर तोंडात कोंबला. खांदे गदागदा हलायला लागले. आठ महिन्यांचं सगळं हसू त्या एकदम काढत होत्या.

मला तेव्हाच धीर आला. म्हणालो, "विहीणबाई, त्या दिवशी मी गोळ्यांवर उगाच बोललो. चुकलं माझं. गोळे लई झकास झालते."

डोळे पुसत त्या म्हणाल्या, "म्हाईत हाय मला. अकरा खाल्लेते तुमी. मी मोजलेते."

मग त्यांनी पदर खोचला. "ताक शिल्लक हाय का, भाऊ?"

भाऊ! ऐकलंत का? भाऊ म्हणाल्या!

मी आणि अमोलनं खाली फडकी मारली. ओटा पुसला, गॅस पुसला, टाइल्स पुसल्या. विहीणबाईंनी फ्रिजमधल्या ताकाची नवी कढी केली. उकळी आली, तसा त्यांनी माझा एक गोळा उचलला आणि अलगद आत टाकला. आम्ही चौघं पातेल्यात डोकावून उभे. दहावीच्या निकालाला मी इतका घाबरलो नव्हतो. फुटला तर? गोळे मी वळलेले ना!

गोळा तळाला गेला. थोडा वेळ गेला. हळूच हलला. आणि वर आला. अख्खा!

"वळलेत चांगले," विहीणबाई म्हणाल्या. माझी छाती अशी फुगली, जशी माझी भाकरी कधी फुगली नाही.

श्रद्धानं पहिला घास घेतला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघतोय. तिनं चावला, डोळे मिटले. "आई, आंबट लागतंय!"

"जास्त झालं का गं?"

"नाही गं. आंबट लागतंय! चव लागतीय मला!"

पोरीनं पाच गोळे खाल्ले, भाकरीचा पापुद्रासुद्धा ठेवला नाही. विहीणबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि कढी वाढत होत्या. त्या काही संध्याकाळी परत गेल्या नाहीत. चांगल्या आठ दिवस राहिल्या. कढीगोळे तीनदा झाले.

त्या रविवारी संध्याकाळी सुनंदा आली. दिवसभर पोरांच्या तोंडात थेंब टाकून दमलेली. विहीणबाईंना बघून आधी तिचा विश्वासच बसेना. मग पाणी प्यायला आत गेली आणि आतच थांबली. आमचा ओटा तुम्ही बघितलाय ना? बारा वर्षांचा तेलकटपणा. कोपऱ्यातला तो काळा डाग तर घराबरोबरच आलेला. सगळं लख्ख! टाइल्समध्ये तोंड दिसत होतं!

सुनंदा बाहेर आली. डोळ्यांत पाणी म्हणाल तर पाणीच. "अहो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही ओटा घासलात! कशानं घासलात एवढा?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. विहीणबाईंनी पुन्हा पदर तोंडाला लावला.

मी म्हणालो, "कढीनं."