कोठीतल्या बाया

"बाया आत. पटकन! गाडी चौकात आली."

बागेचे निरीक्षक टाळ्या वाजवत आमच्यामागे आले. कोंबड्या हाकलाव्यात तसे. आम्ही रोजंदारीच्या बाया. बागेच्या मागं अवजारांची कोठी होती. फावडी, खुरपी, शेणखताची पोती, कीडनाशक पावडर. वर टिन. त्यात आम्हाला घातलं आणि बाहेरून कडी लावली.

कारण मुकादमानं आदल्या दिवशीच सांगितलं होतं. "फोटोवाले येऊन राहिले. तुमचे लुगडे पाहून पाहुण्याची नजर खराब होईन."

त्या दिवशी गुलाबाच्या वाफ्यांचं उद्घाटन होतं. वाफे आम्ही खोदले. टोपल्यांनी माती आम्ही वाहिली. काटे अजून बोटांत होते. पण उद्घाटन म्हणजे फीत कापणं. त्याला स्वच्छ हात लागतात.

फेब्रुवारी सरत आला होता. टिन तापलं. पावडरचा वास घशात बसला. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा मी त्याच्या खांद्यावर होते. आणि आता शेणखताच्या पोत्यांत उभी.

आमच्यात रुख्माबाई सगळ्यांत म्हातारी. ती कुजबुजली, "पोरी, मले लघवीले जा लागते वं."

मी दार बडवलं. बाहेरून मुकादम खेकसला, "चूप बसा वं! भाषण चालू हाय."

कोठीच्या खिडकीच्या जाळीतून भाषण ऐकू येत होतं. "ही बाग म्हणजे सुसंस्कृत नागपूरकरांच्या सौंदर्यदृष्टीचं फळ आहे!" टाळ्या.

रुख्माबाई पोत्यांच्या आड बसली. लुगडं भिजलं. साठीची बाई तोंडात पदर कोंबून रडली. आवाज न करता. भाषण चालू होतं ना.

भाषण संपून फोटोवाले गेल्यावर दार उघडलं. कपबशा उचलायला बाया हव्या होत्या. निरीक्षकानं आत डोकावून नाक दाबलं.

"काय घाण करून ठेवलीत? म्हणूनच तुम्हा लोकांना लपवावं लागतं."

मी त्याच्याकडे पाहिलं. ओठाच्या कोपऱ्यात बर्फीचा चुरा. शर्टाला कागदी फूल टाचलेलं. पाहुणा पुन्हा बोलावतो का म्हणून मान सारखी मांडवाकडे. या माणसाला मी इतके दिवस भीत होते? याला?

मी रुख्माबाईचा हात धरला आणि हिरवळ तुडवत सरळ मांडवात गेले. पाहुणे चहा पीत होते.

"साहेब, हे वाफे आम्ही खोदले. तुमचे फोटो निघेपर्यंत आमाले कोठीत कोंडून ठेवलं. या बाईचं लुगडं पाहा."

रेशमी पातळातली एक बाई निऱ्या सावरत मागं सरकली. पाहुण्यानं आमच्याकडे नाही, निरीक्षकाकडे पाहिलं. "कोण आहे ही?"

"रोजंदारीची आहे, सर. डोक्यानं जरा कमी आहे."

पाहुण्यानं कप ठेवला आणि गाडीकडे निघाला. एवढा मोठा माणूस. एका ओल्या लुगड्याला घाबरला.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं फाटकातच अडवलं. "निरीक्षक साहेबाचे पाय धर, मंग कामावर ये."

"काहून धरू?"

"पोट नाही काय तुले?"

"पोट हाय. म्हणून पाय धरू?"

रुख्माबाईनं धरले. तिला मी दोष देत नाही. घरी नातवंडं होती आणि या वयात तिला दुसरीकडे कोण घेणार? मी नंदनवन वस्तीत नवी घरं उठत होती तिथं विटा वाहायला लागले. खांदे सोलून निघाले. पण तिथं कुणी कडी लावत नव्हतं.

एका रविवारी संध्याकाळी माझ्या पोरीला घेऊन मी बागेत गेले. धुतलेलं लुगडं नेसून नाही, कामावरच्याच लुगड्यात. निरीक्षक समोर आला.

"इथे काय काम आहे तुझं?"

"काम नाही. फिराले आली."

त्यानं फाटकावरच्या नियमांच्या पाटीकडे पाहिलं. बिचारा. तिच्यावर त्याच्या उपयोगाचं काही लिहिलेलं नव्हतं.

पोरीला मी हिरवळीच्या मधोमध बसवलं. कडेला नाही, झाडाआड नाही. तिला सांगितलं, कुणी ऊठ म्हटलं तर उठायचं नाही. कुणी हात धरून उठवायला आलं, तर आधी त्याची गाठ माझ्याशी. आणि मी आता कुणाला साहेब म्हणणार नाही.