पांढऱ्या टाक्यांची गोधडी

माझ्या वहिनीला शिवणाचा छंद आहे, असं आमचा दादा आल्यागेल्याला सांगतो, आणि सांगताना हसतो. लोक आपल्या मांजराच्या खोड्या सांगताना हसतात ना, तसा. ते हसू पाहिलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी शाळेत खेळाची बाई आहे. माझ्या गळ्यात शिट्टी असते आणि मुलं माझ्यामागे मला शिट्टीबाई म्हणतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. फाउल दिसला की शिट्टी वाजवायची, मग खेळणारा सख्खा भाऊ का असेना. दादा पेपरातल्या शब्दकोड्यापलीकडे काही वाचत नाही, म्हणून हे सगळं बिनधास्त लिहिते आहे.

वहिनी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करते. पुढे गिऱ्हाइकं आरशात नाक मुरडत फ्रेमा लावून बघतात, आणि मागे ही मान खाली घालून काचा बसवते, डोळ्यांना धड दिसणार नाहीत इतके बारीक स्क्रू पिळते. एवढं करून घरी आल्यावर कुणीही पाय पसरून पडलं असतं. ही चहा घेते आणि झोपायच्या खोलीत, कपाट आणि खिडकी यांच्यामधल्या बोळकांडीत जाऊन बसते. तिथे तिचं मशीन आहे. दादा त्या जागेला 'कारखाना' म्हणतो. एक माणूस आडवा बसला की कपाटाचं दार उघडत नाही, असा तो कारखाना!

आणि तिथे तरी तिला कुणी सुखाने बसू देतं का? 'बसलीच आहेस तर' हे शब्द मला आयुष्यात परत ऐकायचे नाहीत. बसलीच आहेस तर माझ्या पँटची झिप बघ. बसलीच आहेस तर पडद्याला दुमड घाल. वरच्या मजल्यावरच्या काकू उशांचे अभ्रे घेऊन येतात आणि म्हणतात, "पाच मिनिटांचं काम आहे गं." पाच मिनिटांचं आहे तर तुम्हीच करा की! हे मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हणाले. त्यांनी महिनाभर अबोला धरला आणि वहिनीने मलाच दटावलं. ती भांडत नाही. झिप लावून देते आणि परत आपल्या तुकड्यांकडे वळते.

तिला गोधड्या करताना बघायला हवं. कापलेले तुकडे ती आधी जमिनीवर मांडते. मग खुर्चीवर चढते, चष्मा काढते आणि आंधळ्यासारखी खाली बघत राहते. चष्मा नसला की तुकड्यांच्या कडा दिसत नाहीत, नुसते रंग दिसतात, आणि कुठला रंग उगाच ओरडतोय ते कळतं, असं तिचं म्हणणं. मग खाली उतरते, दोन तुकड्यांची अदलाबदल करते, पुन्हा वर. अशी तिची संध्याकाळ जाते. खुर्चीवर उभी असताना ती जेवढी खूश दिसते, तेवढी मी तिला लग्नाच्या फोटोतही पाहिलेली नाही.

या गोधड्या जातात कुठे? घराबाहेर. आमच्या आतेभावाला मुलगी झाली, एक गेली. भाचा वसतिगृहात निघाला, एक गेली. आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा तिच्यासाठी एक झाली, ती आईने कौतुकाने आपल्या मैत्रिणीला देऊन टाकली, मग आईसाठी दुसरी. माझ्याकडे दोन आहेत, मी काही साधू नव्हे. आणि वहिनी स्वतः काय पांघरते? गादीबरोबर फुकट आलेलं ब्लँकेट. त्याला अजून कंपनीची चिकटपट्टी आहे आणि हात फिरवला की ते चरचरतं.

गेल्या वर्षी एकदा मी विचारलं, "स्वतःसाठी कधी करणार आहेस?"

"तेच घेतलंय आता," ती म्हणाली आणि चक्क लाजली.

या गोधडीत एकही तुकडा दुसऱ्या कुणाचा नव्हता. दुकानात लागली तेव्हाचा राखाडी एप्रन होता. मोहरीच्या रंगाचा कोट होता, जो तिने पहिल्या पगारातून घेतला आणि दादाला भडक वाटतो म्हणून पुढे कधी घातला नाही. ज्या निळ्या झग्यात ती परीक्षेत नापास झाली तो होता, आणि ज्या चौकड्याच्या फ्रॉकमध्ये पुढच्या वेळी पास झाली तोही. सगळ्याचे त्रिकोण केले होते. राखाडीतून निळा, निळ्यातून हळूहळू मोहरी. मी खुर्चीवर चढून, डोळे बारीक करून पाहिलं. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

आता थोडं शिवणाचं सांगते, कारण पुढचा सगळा राग त्यावर उभा आहे. गोधडीला तीन थर असतात. वर तुकड्यांचा, मध्ये कापूस, खाली अस्तर. तिन्ही एकमेकांवर पसरून आधी पांढऱ्या दोऱ्याने बोटबोटभर लांबीचे कच्चे टाके घालतात. ते नुसते थर हलू नयेत म्हणून असतात. मग त्यावर हाताने बारीक, पक्की शिवण घालत जायचं. त्याला महिनोन्‌महिने लागतात. शिवण पुरी झाली की कडेला गोट लावायचा, आणि शेवटी कच्चे टाके उसवून काढायचे. वहिनीची गोधडी कच्च्या टाक्यांवर होती. घडी करून कपाटावर ठेवली होती, पक्क्या शिवणीला सुरुवात व्हायची होती.

एका सुट्टीच्या दिवशी दुकानात गर्दी म्हणून वहिनीला कामावर बोलावलं होतं. संध्याकाळी मला ती कोपऱ्यावर भेटली आणि आम्ही दोघी मिळूनच घरात शिरलो. जेवणाच्या टेबलावर तिची कात्री पडली होती. कापडाची कात्री. अशा कात्रीने कुणी कागद कापला तर धार जाते, म्हणून त्या कात्रीला घरात कुणी हात लावायचा नाही, एवढा एकच नियम तिने आजवर घातला आहे. पात्यांना चिकटपट्टीचा डिंक लागला होता आणि खाली चकचकीत कागदाचे कपटे पडले होते.

"माझ्या कात्रीने कागद कुणी कापला?" वहिनीने विचारलं.

"अगं, ऐक तर खरं!" दादा आतून हसत आला. "साहेबांनी नवं घर घेतलंय ना, आज बोलावलं होतं. रिकाम्या हाताने कसं जायचं? तुझी ती गोधडी छान कागदात बांधून नेली. काय खूश झाल्या त्यांच्या मिसेस! सगळ्यांना उलगडून दाखवली."

वहिनीने आत जाऊन कपाटावर पाहिलं आणि परत आली. मग खुर्चीत बसली. "ती माझी होती हो," ती म्हणाली.

"मग? तुझी म्हणूनच तर नाव झालं तुझं. तू काय, दुसरी करशील!"

"आणि ती अपुरी होती."

"अपुरी?" दादा गोंधळला. "चारही बाजू होत्या की!"

"पांढरे धागे दिसले नाहीत तुम्हाला? हे एवढे लांब लांब?"

"ते होय! मला वाटलं, ते डिझाइन आहे."

आमचा दादा बाटल्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहे. गोदामातलं कुठलं खोकं कुठल्या फळीवर आहे, हे तो डोळे मिटून सांगतो. आणि बायको इतकी वर्षं, त्याच्या उशापासून हातभर अंतरावर जे करते आहे, ते त्याने एकदाही उघड्या डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. वरच्या काकूंनी खिडकी उघडली, एवढं सांगितलं तर पुरे.

वहिनीने फक्त एक गोष्ट मागितली. "त्यांना फोन करा आणि म्हणावं, धुऊ नका. मी येऊन घेऊन जाते, पुरी करते, मग बघू."

"दिलेली वस्तू परत मागू? साहेब काय म्हणतील?" दादाने फोन केला नाही. ती म्हणाली, मी करते, तर नंबरही दिला नाही.

व्हायचं तेच झालं. मिसेसनी गोधडी यंत्रात टाकली. कच्चे टाके पटापट तुटले, आतला कापूस पळाला आणि एका कोपऱ्यात गोळा होऊन बसला. एक दिवस दादा प्लॅस्टिकची पिशवी घेऊन घरी आला आणि ती त्याने वहिनीच्या पुढ्यात आपटली. मी तिथेच होते.

"पहिल्याच धुण्यात ही गत! माझं नाक कापलंस तू साहेबांसमोर. एवढा वेळ घालवतेस त्या मशीनवर, तर निदान धड शिवत तरी जा!"

बघा हं. तिची वस्तू न विचारता उचलली याने. अर्धवट नेली याने. फोन केला नाही याने. आणि शिवण कुणाची वाईट? तर तिची! त्या साहेबाच्या घरी दहा माणसांना आता वाटत असणार की कच्चं शिवणारी बाई ती हीच. ज्या बाईने काच बसवलेला चष्मा कधी परत आला नाही, तिला हे ऐकायला लागावं! मी दादाला म्हटलं, "तुला लाज कशी वाटत नाही?" तो म्हणाला, "तू मध्ये पडू नकोस."

वहिनी भांडली नाही. तिने पिशवीतून गोधडी काढली, जमिनीवर पसरली आणि म्हणाली, "अहो, जरा इकडे या. बसा खाली." काय वाटलं कोण जाणे, तो बसला. एखाद्या गिऱ्हाइकाला चष्म्याचा नंबर समजावून सांगावा तसं तिने त्याला समजावलं. हे वरचं, हे मधलं, हे अस्तर. "आणि हे पांढरे टाके. हे दिसताहेत तोवर गोधडी झालेली नाही. लक्षात ठेवाल?"

"लक्षात ठेवतो," दादा म्हणाला. "पण लवकर दुरुस्त कर. साहेबांना परत द्यायचीय."

तिने सगळं उसवलं. ओल्या कापसाचे गोळे फेकून नवा कापूस आणला. थर पुन्हा पसरले, पुन्हा पांढरे टाके घातले आणि पक्क्या शिवणीला बसली. सुईत दोरा राखाडीवर राखाडी, निळ्यावर निळा, असा की जवळ गेल्याशिवाय दिसू नये. दादा मधूनमधून डोकावायचा. "झाली का?"

"बघा की. पांढरे टाके आहेत अजून."

मग तो मान डोलवायचा. फोनवर साहेबांना मोठ्या जाणकाराच्या थाटात सांगायचा, "नाही साहेब, अजून कच्च्या टाक्यांवर आहे. किचकट काम असतं हो, थर असतात त्याला." साहेबांनी पुढे विचारणं सोडलं. दादाने मात्र सोडलं नाही. कारखान्यात आता नवे मोठे साहेब येणार आहेत म्हणे, आणि त्यांच्याकडेही रिकाम्या हाताने जाता येणार नाही.

परवा मी गेले तेव्हा वहिनी दुपारची पडली होती, अंगावर तीच गोधडी. फुकटचं ब्लँकेट कुठे दिसलं नाही. मी कडेला बसले आणि सहज हात फिरवला. बोटांना बारीक बारीक शिवण लागली. मी वाकून पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पक्की शिवण होती. कडेला गोट होता. गोधडी केव्हाच पुरी झाली होती, आणि वरून सगळे पांढरे टाके तसेच होते.

"अगं, ही तर झालीय!" मी मशीनवरची छोटी कात्री उचलली. "थांब, हे काढूनच टाकते."

तिने माझा हात धरला. तिची पकड इतकी घट्ट असते, हे मला माहीत नव्हतं. "राहू दे. ते काढले की ती झाली. आणि झाली की ती कुणाला तरी द्यायची झाली."

मला भयंकर संताप आला. स्वतःच्या कपड्यांची, स्वतःच्या हाताने केलेली गोधडी स्वतःच्या अंगावर राहावी, म्हणून या बाईने ती जन्मभर अपुरी दाखवायची? आणि मी ते कुणाला सांगायचंही नाही?

तेवढ्यात दादा दारात आला. "काय गं, अजून तशीच? यंदा तरी होणार का?"

"बघा ना," वहिनी म्हणाली. "केवढं काम राहिलंय."

त्याने लांबूनच पांढऱ्या टाक्यांकडे पाहिलं, समजल्यासारखी मान हलवली आणि गेला. वहिनी उठून बसली. पायथ्याशी घासून एक पांढरा टाका तुटला होता. तिने मशीनच्या खणातून पांढरा दोरा काढला. खिडकीतून ऊन तिच्या चष्म्यावर येत होतं आणि तिला सुईचं भोक दिसेना. मी तिच्या हातातून सुई घेतली, दातओठ खात ओवली आणि परत दिली. पुऱ्या झालेल्या गोधडीवर तिने नवा कच्चा टाका घातला.