सपाट तळव्यांचा रंगरूट

"डॉक्टर, असा रंगरूट मी उभ्या नोकरीत पाहिला नाही!" भरतीचे कॅप्टनसाहेब खूश होऊन म्हणाले. मला मात्र घाम फुटला होता.

लढाईचे दिवस. कराडजवळ मलकापुरात भरतीचा कॅम्प लागला होता. उमेदवार तपासायचा आणि 'फिट' की 'अनफिट' ते सांगायचं, एवढंच माझं काम. पेन्शनर जमादार रावजी आपल्या एकुलत्या एका पोराला, बाळकूला, घेऊन आला होता. "पलटनीत गेला की सुदारंल," म्हणे. पलटण म्हणजे जणू इस्त्रीचं दुकान!

बाळकू विशीतला, धट्टाकट्टा. मी विचारलं, "नाव काय?" तोही म्हणाला, "नाव काय?" अगदी माझ्याच सुरात. डोळ्याला डोळा काही देईना. हवालदारानं त्याला 'सीधा खडा रहो' म्हटलं आणि स्वतः जेवायला निघून गेला. ढेकर देत परतला, तरी बाळकू उन्हात तसाच ताठ.

"स्वतःचं बोलत नाही, सांगितलेलं सोडत नाही," कॅप्टन म्हणाले. "शिपाई आणखी कसा असतो?"

मी सोबत आलेल्या त्याच्या आईला, तानूबाईला, बाजूला बोलावून विचारलं.

"बारकंपनापास्नं असाच हाय. सकाळी उठला की सांगावं लागतं, आज हे व्हनार, मग ते व्हनार. मग दिसभर उसात लय राबतो. पर न सांगता काय झालं, न्हाईतर मोठा आवाज झाला, की कान झाकून जिमिनीवर पडतो. तितं बंदुका असत्यात न्हवं?"

रावजी मागून खेकसला, "गप ए! पोटूशी असताना गराणात इळीवर भाजी चिरलीस, त्याची फळं ही!"

बाईनं मान खाली घातली. हे ऐकायची तिला सवय असावी. मला असा संताप आला!

आज याला ऑटिझम म्हणतात, स्वमग्नता म्हणतात. मेंदूची घडणच जन्मापासून निराळी. त्यात आईचा दोष नाही, ग्रहणाचा तर नाहीच. पण तेव्हा आमच्या पुस्तकांत हे नावच नव्हतं. होता तो 'वेडा' हा शब्द. तो लिहिला तर पोरगा जन्मभर वेड्यांच्या इस्पितळात. 'फिट' लिहिलं तर पहिल्या तोफेलाच संपला.

"रोगाचं नाव सांगा, नाहीतर फिट लिहा," कॅप्टन घड्याळ बघत म्हणाले.

"सपाट तळवे, सर."

तळव्याला कमान नसली की लांबची मजल झेपत नाही, म्हणून पलटण असा माणूस घेत नाही. बाळकूची कमान खरं तर झकास होती. साहेब म्हणाले, "दाखवा." मी त्याला पाण्याच्या पिंपाशेजारच्या चिखलात उभं केलं.

"पाय दाब."

"पाय दाब," बाळकू म्हणाला आणि जोर लावून दाबला. चिखलात साहेबांचा पायसुद्धा सपाटच उमटला असता. पण ठसा पाहून ते हळहळले, "अरेरे, इतका गुणी शिपाई!"

'अनफिट' ऐकून रावजीचा चेहरा पडला. मग एकदम उजळला. "तळवं व्हय! तरीच बोलत न्हवता गडी!"

तळव्याचा जिभेशी संबंध काय, ते रावजीच जाणे! तानूबाई पुढं आली.

"सायेब, गराणात भाजी चिरली तर तळवं सपाट व्हत्यात का वो?"

"छे! मुळीच नाही."

"जरा मोठ्यानं सांगा की. यास्नी कमी ऐकू येतं."

मी सगळ्या कॅम्पला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. रावजी उगाच फेटा सारखा करत राहिला. बाई तिथंच खाली बसली आणि ढसाढसा रडली.

निदान साफ खोटं होतं. गुण मात्र आईला आला.