दुसरबीडहून आणलेलं गुळमुळीत

आमच्या देऊळघाटच्या घरात ‘गुळमुळीत’ हा शब्द आईनं जणू माझ्यासाठीच राखून ठेवला होता. समोरच्याच्या हाती काही लागू द्यायचं नाही आणि त्याला रागही येऊ द्यायचा नाही, असं बोलणं. अशा माणसाला घरच्यांनी एकदा सरळ उत्तर आणायला धाडलं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. दुसरबीडची मंडळी धाकट्या बहिणीला पाहून गेली, त्याला बरेच दिवस झाले तरी निरोप नव्हता. तिकडे वडनेर भोलजीचं दुसरं स्थळ खोळंबलेलं. ते आता फार थांबणार नव्हतं. बहिणीच्या मनात मात्र दुसरबीडचाच मुलगा भरला होता. मी निघालो तेव्हा ती म्हणाली, “दादा, हो का नाही, तेवढंच इचारून ये. जेवत बसू नको.”

मी जेवलो. चांगला आडवा हात मारला. मग विचारलं.

“आमची कुठं ना हाय?” मुलाचे वडील म्हणाले. “पोरगी लाखात एक. पण पोराच्या थोरल्या भावाला इचारावं लागंल.”

थोरले भाऊ त्याच बाजेवर पान लावत बसले होते. ते म्हणाले, “मी काय बोलणार? बापाच्या शब्दाबाहेर हाय का मी?”

मी दोघांकडे बघून मान डोलावली. एकाच धंद्यातला असल्यामुळे मला त्यांची कारागिरी आवडलीसुद्धा. निघताना शिदोरी मिळाली. इतकी जड, की एस.टी.त मी ती होकारासारखी मांडीवर घेऊन बसलो.

घरी बहिणीनं गाठोडं सोडलं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बुंदीचे लाडू. तिनं फडकं झटकून पाहिलं. मुलगी पसंत असली की आमच्याकडे तिच्यासाठी खण आणि कुंकवाची पुडी येते. त्यातलं काहीच नव्हतं.

“काय म्हणे ते?”

“तसे लोक लय चांगले आहेत...”

“म्हणजे नाही.”

“नाही असं नाही म्हणाले गं...”

“दादा, तू त्यायच्याकडून बोलून राह्यला का माह्याकडून?”

तेवढ्यात ओसरीवरून बाबांची हाक आली, “काय झालं रे? वडनेरवाल्यायले काय कळवू?”

मी दारात जाऊन उभा राहिलो. नाही म्हणावं तर तसं कोणी म्हटलंच नव्हतं. हो म्हणावं तर मागे ती त्या रिकाम्या फडक्याची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“जेवला तरी का तिथं?”

“हो,” मी म्हणालो.