होऊन राहिलं

प्रवेश अर्जांचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी सहाला फॉर्म बंद होणार आणि ज्याचा राहिला त्याचं वर्ष गेलं. मुदत वाढणार नाही, असं आम्हाला तीनतीनदा बजावलं होतं. अर्ज भरायच्या साइटचा डेटाबेस मी नागपुरात बसून सांभाळायचो आणि माझ्या वरच्या मॅडम पुण्यातून.

दुपारी एकलाच गर्दी इतकी झाली की साइट धापा टाकायला लागली. डेटाबेस तीन सर्व्हरांवर वाटलेला, त्यातला एक जुना, रडतखडत चालणारा. ठरलं ते असं: मी दोन नवे जोडायचे, जुन्यावरचे अर्ज तिकडे सरकू द्यायचे, मग मॅडमनी जुना डिस्कसकट काढून टाकायचा. आमचे सर्व्हर म्हणजे कंटेनर, सॉफ्टवेअरमधूनच उभे करायचे आणि पाडायचे. तीनचा आकडा पाच केला की नवे दोन मिनिटांत उभे राहतात. डेटा मात्र आपल्या चालीनंच येतो, कितीही बोंबललं तरी. त्यात मी एक अतिशहाणपणा केला. भार कमी व्हावा म्हणून प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत ठेवणं तासाभरापुरतं बंद केलं. मॅडमला विचारलं नाही, कारण त्या नाहीच म्हणाल्या असत्या.

पावणेतीनला त्यांचा मेसेज आला, "झालं का?" पंधरा मिनिटांत चौथ्यांदा. माझं डोकं आधीच तापलेलं. मी टाइप केलं, "होऊन राहिलं."

आमच्याकडे याचा अर्थ एकच: चालू आहे, जरा दम धरा. मॅडमनी त्याचा अर्थ घेतला, होऊन गेलं. त्यांनी जुना सर्व्हर डिस्कसकट उडवला.

स्क्रीनवर लाल ओळी आल्या. फोन करून मी ओरडलो, "काहून काढला तुम्ही?"

"अरे, तूच लिहिलंस ना झालं म्हणून," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "दुसरी प्रत आहे ना?"

मी नाही म्हणालो. त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "किती गेले ते बघ."

बाराचा बॅकअप होता. त्यानंतर आलेले आणि जुन्यावरून अजून न सरकलेले एकतीस अर्ज गेले होते. पोच पाठवायची यंत्रणा वेगळी, म्हणून त्यांचे मोबाइल नंबर तेवढे वाचले. मी एकेकाला फोन लावत सुटलो. बुटीबोरीच्या कारखान्यात कामावर असलेल्या एका बापानं मला चांगलंच झापलं, "एकदा भरला ना गा, आता अजून काहून?" मी ऐकून घेतलं आणि पुन्हा विनवलं. चूक माझी होती, त्याची नाही.

साडेपाचपर्यंत तीस जणांनी परत भरला. एकतिसावा नंबर कव्हरेजच्या बाहेर. इकडून मी लावत होतो, तिकडून मॅडम. मुदतीसाठी वर हातापाया पडून झालं, उपयोग झाला नाही. सहा वाजले आणि फॉर्म बंद झाला.

सहा वीसला त्याच नंबरवरून फोन आला. कोणी मुलगी होती, मागे बसचा आवाज.

"सर, तुमचे लय मिस कॉल दिसले. मी दुपारी पारशिवनीले फॉर्म भरून गावाले परत चालली होती, मधात रेंज नसते. भरला मी, पोचल्याचा मेसेजही आला. तुमचं काही काम होतं काय?"