मुंगी चावल्यासारखं

दवाखान्यात तपासणीसाठी रक्त काढणाऱ्या बाईंना सगळे मुंगीमावशी म्हणत. सुई टोचण्याआधी त्या न चुकता सांगायच्या, "मुंगी चावल्यासारखं होईल हं, बस्स." एकोणीस वर्षांत हे वाक्य किती जणांना ऐकवलं, देव जाणे! कुणाची शीर सापडेना झाली की डॉक्टरही त्यांनाच हाक मारायचे.

हेच कौतुक नडलं. बरोबरच्या दोघी नोकरी सोडून गेल्या, तेव्हा साहेब म्हणाले, "तुम्ही आहात ना, मग काळजी कसली!" मावशी हरभऱ्याच्या झाडावर चढल्या आणि तिघींचं काम एकीच्या गळ्यात पडलं.

वर्षभरात त्यांची पार रया गेली. झोपून उठलं तरी अंग आंबलेलंच. सकाळी पांढरा डगला चढवणंही नकोसं व्हायचं. घरी कुणी साधं "बरी आहेस ना?" विचारलं तरी खेकसायच्या. मुंगीचं वाक्य कधी सुटलं, त्यांनाही कळलं नाही. समोर माणूस दिसतच नव्हता, नुसता हात दिसायचा.

एका सकाळी रक्त देऊन झालेले एक आजोबा रिपोर्ट कधी मिळेल ते विचारायला पुन्हा खुर्चीत टेकले. मावशींनी मान वर न करता दुसऱ्या हाताला पट्टा आवळला आणि परत रक्त काढलं! बाटलीवर चिकटवायला नाव विचारलं, तर मघाचंच नाव. वर पाहिलं, तर आजोबा दोन्ही कोपरांत कापूस दाबून बसलेले.

"अहो, बोलायचं नाही का?"

"तुमचा चेहरा बघून धीरच झाला नाही."

मावशींना रडू कोसळलं. माणूस ओळखता येत नसेल, तर हातात सुई धरायचा आपल्याला हक्कच काय? त्या तडक राजीनामा द्यायला निघाल्या, मागोमाग आजोबाही. साहेबांनी सगळं ऐकून मावशींवरच आवाज चढवला.

"त्यांना काय बोलता?" आजोबा म्हणाले. "बाहेर पन्नास माणसं बसलीत आणि आत एकटी बाई. या, मोजून बघा."

साहेबांनी खरंच दार उघडून पाहिलं, आणि राजीनामा परत केला. मावशींना दोन महिने रजा मिळाली, जोडीला दोघी नव्या आल्या. परतताना मावशींनी अट घातली, "वीस माणसं झाली की मी उठणार. मग कुणीही हाक मारो."

परतल्यावर आठवड्याच्या आत आजोबा आले. एका हाताची बाही वर, दुसरीचं बटण मनगटाशी पक्कं लावलेलं. मावशी खळखळून हसल्या. मग त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "मुंगी चावल्यासारखं होईल हं, बस्स."

आजोबांनी डोळे मिटले, उघडले.

"चावली," ते म्हणाले, "पण ओळखीची होती."